गुडघ्याच्या झिजेचे दुखणे : इंजेक्शने आणि मोठी शस्त्रक्रिया टाळणारे उपचार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मलम, शेक आणि गोळ्या यांनी भागत नाही, पण गुडघा बदलण्याची वेळही आलेली नाही, किंवा ती आलेली असूनही वय, हृदयविकार वा घरची परिस्थिती यांमुळे शस्त्रक्रिया नको आहे, अशा मधल्या टप्प्यावरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न विचारतात ते येथे घेतले आहेत. उत्तरे वयोमानानुसार होणाऱ्या नेहमीच्या झिजेपुरती आहेत. आमवात, गाऊट, जंतुसंसर्ग किंवा ताजी दुखापत यांमुळे दुखणाऱ्या गुडघ्याचे निदान निराळे असते आणि उपचारही निराळे असतात.

झीज कूर्चेची होते, मग दुखते नेमके काय?

हाडांच्या टोकांवरील कूर्चेत, म्हणजे बोलीभाषेतल्या गादीत, मज्जातंतू नसतात, त्यामुळे ती झिजली तरी ती स्वतः दुखत नाही. वेदना येते ती सांध्याच्या आतल्या अस्तराला आलेल्या सुजेतून, कूर्चेखालच्या हाडावर पडणाऱ्या वाढीव भारातून आणि सांध्याभोवतीच्या आवरणातून. मांडीचे स्नायू दुबळे झालेले असतील तर त्यात आणखी भर पडते. म्हणूनच एक्स-रे आणि दुखणे यांचा मेळ अनेकदा बसत नाही. १९५७ मध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी एक्स-रेवरून झिजेची शून्य ते चार अशी प्रतवारी मांडली आणि आजही अहवालावर ‘ग्रेड तीन’ असे जे लिहिलेले असते ते त्या प्रतवारीप्रमाणेच. तथापि चौथ्या प्रतीचा गुडघा घेऊन रोज बाजारहाट करणारे आणि दुसऱ्या प्रतीतच जिना उतरायला धजावत नसलेले, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण कोणत्याही अस्थिरोगतज्ज्ञाच्या ओपीडीत भेटतात.

पुढील सर्व उपचारांची तुलना करताना हा मुद्दा उपयोगी पडतो. स्टिरॉइड, जेल आणि पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातून वेगळा काढलेला प्लेटलेटयुक्त भाग) ही सांध्याच्या आत द्यायची इंजेक्शने आहेत. रेडिओफ्रिक्वेन्सीचा, म्हणजे सुईच्या टोकाशी उष्णता देण्याच्या उपचाराचा, रोख सांध्याबाहेरून जाणाऱ्या मज्जातंतूंवर असतो. रक्तवाहिनी बंद करण्याचा उपचार सुजलेल्या अस्तराकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतो. झिजलेली कूर्चा पूर्ववत भरून आणतो असे सिद्ध झालेला उपचार यांपैकी एकही नाही. ‘गॅप’, म्हणजे दोन हाडांमधील अंतर, ‘वाढेल’ असे कोणी सांगत असेल, तर त्या एका वाक्यावरूनच पुढचा सल्ला किती तोलून घ्यायचा ते ठरवावे.

इंजेक्शन घेण्यापूर्वी काय तपासलेले असावे?

दुखणे खरोखर गुडघ्याचेच आहे का, हे. खुब्याच्या सांध्याचा आजार कित्येकदा गुडघ्यात दुखतो आणि कमरेतून निघालेली कळ मांडीवरून खाली येते. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्यापासून दोनतीन बोटे खाली, बोटाने दाबल्यावर नेमके एकाच जागी दुखत असेल, तर ते तेथील स्नायुबंधाखालच्या पिशवीच्या सुजेचे असू शकते. सांध्याच्या आत दिलेले महागडे इंजेक्शन तेथे पोहोचत नाही. एक्स-रे उभे राहून काढलेला असावा, कारण पडून काढलेल्या एक्स-रेत पायावर भार नसल्याने दोन हाडांमधील अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. चाळिशी-पन्नाशीनंतर एमआरआयमध्ये ‘मेनिस्कस’ (गुडघ्यातील दोन हाडांमधली चकती) ‘फाटला आहे’ असे दिसणे इतके सामान्य आहे की त्याने घाबरून जाऊ नये.

साध्या सलाइनच्या इंजेक्शननेही बरे वाटते, असे म्हणतात. ते खरे आहे का?

होय, आणि या संपूर्ण विषयाची ही किल्ली आहे. गुडघ्याच्या चाचण्यांमध्ये तुलनेसाठी ज्यांना केवळ मिठाचे पाणी टोचलेले असते, त्यांचेही दुखणे कित्येक महिने लक्षणीय प्रमाणात कमी झालेले दिसते. याला तीन कारणे आहेत. टोचण्याचा विधी आणि डॉक्टरांचा दिलासा यांचा शरीरावर खराखुरा परिणाम होतो. झिजेचे दुखणे लाटांसारखे चढते-उतरते आणि माणूस दवाखान्यात जातो तो लाट चढलेली असताना, त्यामुळे ती पुढे उतरणारच असते. शिवाय उपचार सुरू झाला की रुग्ण चालणे, पथ्य आणि व्यायाम यांकडेही लक्ष देऊ लागतो.

म्हणून ‘आमच्याकडील इतक्या टक्के रुग्णांना फरक पडला’ या वाक्याला, मग ते प्रामाणिकपणे उच्चारलेले असले तरी, तुलनेत फारसे वजन नसते. विचारायचे ते हे की, खोट्या उपचाराच्या तुलनेत फरक किती पडला.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने किती दिवस आराम मिळतो?

ट्रायअमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन ही औषधे त्यासाठी वापरतात. आराम बहुधा एकदोन दिवसांत सुरू होतो आणि काही आठवडे टिकतो. सहा महिन्यांनी तपासले तर इंजेक्शन घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक उरत नाही. गुडघा सुजलेला, गरम आणि पाणी भरलेला असेल तर याचा उपयोग सर्वाधिक होतो. तशा वेळी डॉक्टर आधी सुईने पाणी काढतात. झिजेच्या गुडघ्यातील पाणी पिवळसर आणि पारदर्शक असते, सिरिंजमागे धरलेली अक्षरे त्यातून वाचता येतात. ते गढूळ आले तर स्टिरॉइड न देता नमुना तपासणीला पाठवणे हा शहाणपणाचा मार्ग होय.

‘स्टिरॉइड’ या शब्दाची भीती आणि त्याची सवय, दोन्ही टाळाव्यात. लग्नकार्य, प्रवास किंवा व्यायाम सुरू करता यावा एवढी उसंत, यांसाठी वर्षातून एखादे इंजेक्शन घेण्यास हरकत नसते. मात्र २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १४० रुग्णांना दोन वर्षे दर बारा आठवड्यांनी ट्रायअमसिनोलोन किंवा सलाइन दिले गेले, तेव्हा वेदनेत फरक पडला नाही आणि कूर्चेची जाडी स्टिरॉइडच्या गटात ०.२१ मिलिमीटरने, तर सलाइनच्या गटात ०.१० मिलिमीटरने घटली. फरक लहान असला तरी दिशा स्पष्ट आहे. दर तिमाहीला नेमाने इंजेक्शन घेण्याचा परिपाठ म्हणून सोडून द्यावा.

मधुमेह असेल तर स्टिरॉइड घेता येते का?

घेता येते, पण तयारीनिशी. इंजेक्शननंतरचे काही दिवस, क्वचित आठवडाभर, रक्तातील साखर वाढते आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना ही वाढ अधिक जाणवते. त्या काळात घरी ग्लुकोमीटरवर साखर वारंवार तपासावी आणि औषधाच्या मात्रेबद्दल आपल्या मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. साखर मुळातच आटोक्यात नसेल तर इंजेक्शन पुढे ढकललेले बरे.

‘वंगणाचे’ किंवा जेलचे इंजेक्शन स्टिरॉइडपेक्षा चांगले का?

हायलुरॉनिक ॲसिड हा सांध्यातील नैसर्गिक द्रवाचा घटक आहे आणि झिजेत त्याचा दाटपणा कमी होतो, म्हणून बाहेरून तो भरावा, अशी ही कल्पना आहे. हे औषध कोंबड्याच्या तुऱ्यापासून किंवा जिवाणूंच्या किण्वनातून मिळवतात. शाकाहारी रुग्णांनी वा अंड्या-पिसांची ॲलर्जी असणाऱ्यांनी कोणते आहे ते विचारून घ्यावे. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला मान्यता मिळाली, ती औषध म्हणून नव्हे तर उपकरण म्हणून. टोचलेले जेल काही दिवसांतच शरीरात शोषले जाते, त्यामुळे वर्षभर ते सांध्यात ‘ऑइलिंग’ करत बसते, हा समज चुकीचा आहे.

कल्पना पटण्याजोगी आहे, परंतु पुरावा तिला साथ देत नाही. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यात १६९ चाचण्या आणि एकवीस हजारांहून अधिक रुग्ण यांची माहिती एकत्र केली गेली. खोट्या इंजेक्शनशी तुलना केलेल्या मोठ्या चाचण्यांपुरते पाहिले, तर शंभर मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर फरक सुमारे दोन मिलिमीटरचा निघाला, जो रुग्णाला जाणवण्याच्या पातळीपेक्षा फारच कमी आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने त्याच वर्षी हे इंजेक्शन देऊ नये असे सांगितले. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ मध्ये गुडघ्यासाठी त्याविरुद्ध सशर्त शिफारस केली. उलट झिजेवर काम करणाऱ्या ओआर्सी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात निवडक रुग्णांसाठी त्याला जागा ठेवलेली आहे. याचा अर्थ सल्ला देणारा प्रत्येक डॉक्टर फसवतो आहे असा नव्हे. पण स्टिरॉइडपेक्षा कित्येक पट किंमत मोजून घेण्याच्या उपचाराकडून एवढ्या तुटपुंज्या फरकावर समाधान मानावे असे आम्हांला वाटत नाही.

पीआरपीबद्दल इतक्या जाहिराती दिसतात. त्यात तथ्य किती?

रुग्णाचे स्वतःचे रक्त काढायचे, ते सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवायचे, खाली बसलेल्या लाल पेशी बाजूला ठेवायच्या आणि वरचा बिंबाणूंनी (प्लेटलेट्सनी) समृद्ध असा पिवळसर भाग सांध्यात सोडायचा, असा हा उपचार आहे. बिंबाणूंमधील वाढ-घटक सूज शमवतात, असे प्रयोगशाळेत दिसते. रक्त आपलेच असल्यामुळे ॲलर्जीची भीती जवळपास नाही. टोचल्यानंतरचे दोनतीन दिवस मात्र गुडघा बराच ठणकतो आणि त्या काळात सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या टाळायला सांगितले जाते.

अडचण अशी की पीआरपी ही एक ठरलेली वस्तूच नाही. किती रक्त घेतले, किती वेगाने व किती वेळा फिरवले, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, यांवर सिरिंजमध्ये काय उतरते ते ठरते, आणि एकाच शहरातील दोन दवाखान्यांत ते वेगवेगळे असू शकते. लहान चाचण्यांपैकी अनेकींनी सहा ते बारा महिने चांगला परिणाम दाखवला. त्यानंतर ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर एक काटेकोर चाचणी झाली, जिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने, निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना सलाइन, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णाला वा टोचणाऱ्याला ठाऊक नाही. वर्षअखेरीस दहापैकी मोजलेली वेदना पीआरपीने २.१ ने आणि सलाइनने १.८ ने कमी झाली होती, कूर्चेची घट दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होती. पीआरपीचे समर्थक म्हणतात की त्या चाचणीत बिंबाणूंची मात्रा कमी होती. हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या विचारात घेण्याजोगा आहे, परंतु मग आपण जेथे पैसे भरतो आहोत तेथे ती मात्रा मोजली जाते का, हा प्रश्नही ओघाने येतो. बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत.

सुरुवातीची झीज, साठीच्या आतले वय, बाकी उपाय नीट करून झालेले आणि खर्च सहज पेलणारा, अशा रुग्णाने विचारपूर्वक ते घेतले तर त्यात गैर नाही. चौथ्या प्रतीच्या, पाय धनुष्यासारखा वाकलेल्या गुडघ्यात मात्र त्याची आशा धरू नये.

मूळ पेशी (स्टेम सेल) टोचून कूर्चा परत येते का?

आजमितीस नाही. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत अस्थिमज्जेचा अर्क, चरबीतून काढलेल्या पेशी आणि नाळेतील पेशी यांची तुलना स्टिरॉइडच्या साध्या इंजेक्शनशी केली गेली; २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर तिन्हींपैकी एकही स्टिरॉइडपेक्षा सरस ठरला नाही आणि एमआरआयमध्येही झिजेत फरक दिसला नाही. भारतात २०२२ मध्ये दात्याच्या अस्थिमज्जेतील पेशींपासून तयार केलेल्या एका उत्पादनाला गुडघ्याच्या मध्यम झिजेसाठी औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली आहे. त्या परवानगीचा आधार देऊन दवाखान्यातच पोटाची चरबी काढून दुपारी गुडघ्यात टोचणाऱ्यांनी आपला उपचारही मान्यताप्राप्त असल्याचे भासवू नये, कारण या दोन पूर्णतः वेगळ्या गोष्टी आहेत.

रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणजे ‘नस जाळणे’ नेमके कसे करतात?

गुडघ्याकडून वेदनेची खबर वाहून नेणारे अनेक बारीक मज्जातंतू असतात. त्यांपैकी तीन हाडाला चिकटून ठरावीक जागी सापडतात : मांडीच्या हाडाच्या खालच्या भागी आत आणि बाहेर असे दोन, आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या भागी आतल्या बाजूला एक. बाहेरच्या खालच्या चौथ्या तंतूला सहसा हात लावत नाहीत, कारण त्याच्या जवळून पाऊल उचलणारी मुख्य नस जाते. कोरियातील चोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३८ रुग्णांवर ही पद्धत वापरून तिचे निष्कर्ष मांडले आणि तेव्हापासून वेदनातज्ज्ञांमध्ये तिचा प्रसार झाला.

उपचार दोन टप्प्यांत होतो आणि पहिला टप्पा वगळू नये. आधी प्रत्येक जागी साधारण एक मिलिलिटर बधिर करणारे औषध टोचून चाचणी घेतली जाते. त्यानंतर रुग्णाने खुर्चीत बसून राहू नये. एरवी जे केल्याने दुखते ते, म्हणजे जिना चढणे-उतरणे, उठबस, दहा मिनिटे चालणे, मुद्दाम करून पाहावे आणि वेदना किती घटली ते तासातासाने लिहून ठेवावे. निम्म्याहून अधिक फरक पडला तरच पुढे जातात; काही तज्ज्ञ ऐंशी टक्क्यांचा आग्रह धरतात. दुसऱ्या टप्प्यात रुग्णाला उताणे झोपवून गुडघ्याखाली उशी देतात आणि सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर हाड पाहत सुई नेमक्या जागी नेतात. मग हलका विद्युतप्रवाह सोडून ‘मुंग्या येतात का’ असे विचारतात, आणि वेगळ्या लयीचा प्रवाह देऊन पायाचा स्नायू उडत नाही ना, याची खात्री करतात. रुग्णाला पूर्ण भूल न देता जागे ठेवतात ते यासाठीच. त्यानंतर सुईच्या टोकाशी सुमारे ८० अंश सेल्सिअस उष्णता साधारण दीड मिनिट दिली जाते. पाण्याने थंड ठेवलेल्या सुईच्या प्रकारात टोकाचे तापमान ६० अंशांच्या आसपास राखले जाते आणि उष्णतेचा परिणाम अधिक जागेत होतो.

याने आराम किती आणि किती काळ मिळतो? पाय लुळा पडण्याची भीती आहे का?

थंड सुईच्या रेडिओफ्रिक्वेन्सीची तुलना स्टिरॉइडच्या इंजेक्शनशी करणारी १५१ रुग्णांची एक अमेरिकी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ७४ टक्के रुग्णांची वेदना निम्म्याहून कमी झालेली होती, तर स्टिरॉइडच्या गटात हेच प्रमाण १६ टक्के होते. आकडे प्रभावी आहेत. मात्र आपल्याला कोणता उपचार मिळाला हे त्या रुग्णांना माहीत होते, आणि स्टिरॉइडचा परिणाम मुळातच काही आठवड्यांचा असल्याने सहा महिन्यांनंतर त्याला हरवणे सोपे होते. नंतरच्या सर्वच चाचण्यांत फरक इतका ठळक आलेला नाही. तरीही, मधल्या टप्प्यावरील उपायांमध्ये दीर्घ आरामाची सर्वांत रास्त अपेक्षा आम्ही यापासून ठेवू, विशेषतः ज्यांची शस्त्रक्रिया अन्य आजारांमुळे धोक्याची आहे अशा ज्येष्ठ रुग्णांसाठी.

आराम सहा महिने ते वर्षभर टिकतो, कारण तंतू पुन्हा वाढतात. दुखणे परतल्यास उपचार पुन्हा करता येतो. ज्या तंतूंवर काम होते ते वेदना वाहणारे असल्याने पायाची ताकद सहसा जात नाही. काही आठवडे जागेवर दुखरेपणा किंवा बधिरपणा राहू शकतो, रक्त साकळू शकते, आणि नडगीवर त्वचा पातळ असल्याने तेथे क्वचित चटका बसतो. पेसमेकर असेल वा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगावे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्यावी. हा उपचार वेदना कमी करतो, गुडघा वाकवत नाही. जमिनीवर मांडी घालून पूजेला बसता यावे, पंगतीत पाटावर जेवता यावे, या इच्छेने कोणी येत असेल आणि अडथळा वेदनेचा नसून आखडलेल्या सांध्याचा असेल, तर रेडिओफ्रिक्वेन्सीनंतरही ती इच्छा अपुरीच राहील.

रक्तवाहिनी बंद करण्याचा नवा उपचार कोणासाठी आहे?

सुजलेल्या अस्तरात नव्या, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्यासोबत नवे वेदनातंतूही वाढतात. जपानच्या ओकुनो यांनी गेल्या दशकात असे दाखवले की या वाहिन्यांत सूक्ष्म कण सोडून त्या बंद केल्यास दुखणे कमी होते. अँजिओग्राफीप्रमाणेच जांघेतील धमनीतून नळी घालून ती गुडघ्यापर्यंत नेतात. रंगद्रव्य सोडल्यावर सुजलेला भाग पडद्यावर धुरकट डागासारखा उमटतो आणि तेथेच कण सोडले जातात. त्वचेवर काही दिवस डाग दिसू शकतात, नळी घातलेल्या जागी रक्त साकळू शकते आणि रंगद्रव्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना जपावे लागते.

सुरुवातीच्या, तुलनागट नसलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत मात्र, नळी घालून प्रत्यक्षात काहीच न सोडलेल्या रुग्णांनाही चार महिन्यांनी तितकाच आराम पडलेला आढळला. त्यामुळे आज हा उपचार संशोधनाच्या चौकटीत घेणे अधिक योग्य. महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत तो उपलब्ध असला, तरी रेडिओफ्रिक्वेन्सीच्या आधी त्याचा विचार करण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करून घेतला तर?

झिजेसाठी करू नये. टेक्सासमधील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींचा गुडघा दुर्बिणीतून धुतला गेला, काहींचा साफ केला गेला, आणि काहींच्या केवळ त्वचेवर छेद देऊन टाके घातले गेले. दोन वर्षांत तिन्ही गट सारखेच राहिले. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात अशा शस्त्रक्रियेविरुद्ध ठाम शिफारस आहे.

इंजेक्शन घेतले की व्यायामाची गरज उरत नाही ना?

उलट आहे. २०२० मध्ये अमेरिकी सैन्याच्या आरोग्यव्यवस्थेतील १५६ रुग्णांमध्ये फिजिओथेरपी आणि स्टिरॉइड इंजेक्शन यांची थेट तुलना झाली. वेदना आणि हालचालीची अडचण मोजणाऱ्या २४० गुणांच्या पट्टीवर, जिथे कमी गुण म्हणजे चांगली स्थिती, वर्षअखेरीस फिजिओथेरपीच्या गटाचे सरासरी ३७ आणि इंजेक्शनच्या गटाचे सुमारे ५६ गुण होते. येथे फिजिओथेरपी म्हणजे मशीनचा शेक घेऊन घरी येणे नव्हे, तर मांडी आणि खुब्याच्या स्नायूंना ताकद देणारा, आठवड्यागणिक वाढत जाणारा व्यायाम होय.

वजनाचेही तसेच. शरीराचे वजन एक किलोने घटले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. सेमाग्लुटाइड या औषधाची स्थूल रुग्णांवरील चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १३.७ टक्के घटले आणि गुडघ्याचे दुखणे खोट्या इंजेक्शनच्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाले. गुडघ्याला सुईही न लावता मिळालेला हा परिणाम जेलच्या इंजेक्शनपेक्षा कितीतरी सरस आहे. इंजेक्शनचा खरा उपयोग दुखण्यामुळे व्यायामच करता येत नाही त्या काळापुरता आहे. ते घेतल्यावर मिळालेले आरामाचे आठवडे सोफ्यावर काढले, तर दुखणे परत येते तेव्हा स्नायू पूर्वीपेक्षा दुबळे झालेले असतात.

मग माझ्यासाठी कोणता उपचार?

गुडघा अचानक सुजून पाण्याने भरला असेल आणि संसर्गाची शंका नसेल, तर पाणी काढून स्टिरॉइडचे एक इंजेक्शन. सूज नाही, झीज मध्यम ते तीव्र आहे, तीन महिने व्यायाम नेटाने करूनही दुखते आणि शस्त्रक्रिया नको वा शक्य नाही, तर चाचणीसह रेडिओफ्रिक्वेन्सी. झीज सुरुवातीची आणि वय कमी असेल तर आधी व्यायाम आणि वजन, व त्यानंतर हवे असल्यास पीआरपी. पाय ठळकपणे वाकलेला आहे, रात्री झोपमोड होते आणि चालणे घरापुरते उरले आहे, अशा रुग्णाने एकामागून एक इंजेक्शने घेत वर्षे घालवण्यापेक्षा शस्त्रक्रियेबद्दल स्पष्ट बोलणे करावे.

खर्चाचा आणि विम्याचा विचार कसा करावा?

ओपीडीत होणारी इंजेक्शने अनेक विमा पॉलिसींत धरलेली नसतात. रेडिओफ्रिक्वेन्सी डे-केअरमध्ये बसते का, हे कंपनीकडून आधी लेखी मागवावे. दरपत्रक घेताना केवळ ‘एका इंजेक्शनचा दर’ विचारू नये. एकूण किती वेळा द्यावे लागेल, दोन्ही गुडघ्यांचे मिळून किती होतील आणि सोनोग्राफी वा सी-आर्मचे शुल्क त्यात आहे का, हे विचारावे. दर वर्षी पीआरपीची मालिका घेणाऱ्याने चारपाच वर्षांची बेरीज एकदा मांडून पाहावी, कारण ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत तेव्हा जीएसटी वगळून ५४,७२० रुपये ठरवली. रुग्णालयाचा खर्च त्याहून वेगळा असतो, तरीही तुलना अनेकांना वाटते तितकी एकतर्फी राहत नाही.

इंजेक्शननंतर डॉक्टरांकडे तातडीने केव्हा जावे?

पहिल्या एकदोन दिवसांत दुखणे थोडे वाढणे आणि स्टिरॉइडनंतर चेहरा लालसर होणे, हे चालण्यासारखे आहे. परंतु दुखणे कमी होण्याऐवजी दिवसेंदिवस वाढत असेल, गुडघा तापून लाल झाला असेल, ताप वा थंडी वाजत असेल, किंवा पाय जमिनीवर टेकवताच येत नसेल, तर सांध्यात जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. असा संसर्ग हजारो इंजेक्शनांत एखादा होतो. मात्र तो झाल्यास काही दिवसांतच कूर्चा नष्ट होते, त्यामुळे फोनवर विचारून प्रतिजैविकाची गोळी सुरू करणे धोक्याचे आहे. जेलच्या काही प्रकारांनंतर संसर्ग नसतानाही अशीच लक्षणे येतात, पण ते ठरवण्यासाठीही पाणी काढून तपासावेच लागते.

आता इंजेक्शन घेतले तर पुढे गुडघा बदलताना अडचण येईल का?

कायमची नाही, पण अंतर पाळावे लागते. सांध्यात स्टिरॉइड घेतल्यानंतर तीन महिन्यांच्या आत कृत्रिम गुडघा बसवल्यास त्यात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते, म्हणून बहुतेक शल्यविशारद तेवढे थांबतात. दिवाळीनंतर शस्त्रक्रियेची तारीख घ्यायचे ठरले असेल तर गणपतीत ‘तेवढ्यापुरते’ इंजेक्शन घेऊ नये. रेडिओफ्रिक्वेन्सीमध्ये काम सांध्याबाहेर होत असल्याने अशी अडचण सहसा येत नाही. कोणते इंजेक्शन, कोणत्या गुडघ्यात आणि कोणत्या तारखेला घेतले, हे औषधाच्या वेष्टनावरील चिकटपट्टीसह फाइलमध्ये लावून ठेवावे, कारण शस्त्रक्रियेपूर्वी हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि ‘दोनतीन महिन्यांपूर्वी काहीतरी दिले होते’ या उत्तरावर तारीख पुढे जाते.